पीचचे डोळे फुटत नाहीत? बाटली उघडण्याआधी झाडाची पानं बघा

संक्रांत होऊन गेली की ठरावीक फोन सुरू होतात. "पीच अजून झोपलंय, काय मारू?" म्हणजे काडीवरचे डोळे, ज्यांतून पान-फूल निघतं ते कोंब, फुटत नाहीत, कुठलं औषध मारू. बोलणारा बहुतेक द्राक्षवालाच असतो. विहिरीच्या कडेला किंवा घरामागं हौसेनं पाच-दहा पीच लावलेली असतात आणि डोळे फोडायच्या औषधाची, बहुतेक हायड्रोजन सायनामाईडची, बाटली आधीच आणून ठेवलेली असते. त्याला विचारायचं असतं ते फक्त प्रमाण. मी उत्तर सोलापूर तालुक्यातला. माझीही द्राक्षबागच, आणि बांधाला आठ पीच. ही आठ झाडं मला बरीच वर्षं फळ द्यायला तयार नव्हती. आता देतात. थोडी देतात, पण दरवर्षी देतात. मधल्या काळात काय चुकलं आणि काय सुधारलं ते एकदा नीट लिहून ठेवतो, म्हणजे फोनवर अर्धवट सांगायची वेळ येणार नाही.

आधी दुखणं कसं दिसतं ते बघू. झाड मेलेलं नसतं. काडी नखानं खरवडली तर आत हिरवीगार. शेंड्याला चार-पाच पानांचा झुबका, त्याखाली हात-दीड हात काडी बोडकी, मध्येच एखादं गुलाबी फूल. आठ दिवसांनी दुसऱ्याच फांदीवर आणखी दोन. डिसेंबरात सुरू झालेला फुलोरा मार्चपर्यंत रेंगाळतो, पण झाड फुललंय असं म्हणावं असा एक दिवस येत नाही. बरेच फूलडोळे तपकिरी होऊन बोट लावताच गळतात. जी दहा-वीस फळं धरतात त्यांच्या टोकाला चोच आल्यासारखी असते. आणि काही फांद्यांवर पावसाळ्यातली जुनी पानं अजून लटकत असतात, चामड्यासारखी कडक. ही शेवटची खूण लक्षात ठेवा. सगळा गुंता तिथंच आहे.

आधी खात्री करा, थंडीचंच दुखणं आहे का

प्रत्येक न फुटलेलं झाड थंडीअभावी अडलेलं नसतं. पीचला पाणी साचलेली जमीन अजिबात चालत नाही. आपल्या काळ्या रानात सप्टेंबरच्या पावसात मुळाशी चार दिवस पाणी थांबलं तरी झाड आतून खचतं आणि पुढं फुटायची ताकद राहत नाही. दुसरी गोष्ट चुनखड. सोलापूरच्या बऱ्याच जमिनींचा सामू (पीएच) आठच्या वर असतो. तिथं पीचची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ती लोहाची कमतरता. असं झाड कुठल्याही फवारणीला साथ देत नाही. तिसरी गोष्ट सावली. पीचचं फूल मागच्या हंगामातल्या, म्हणजे एक वर्षाच्या काडीवर येतं. ती काडी उन्हात वाढलेली हवी. गर्दीत, सावलीत वाढलेल्या काडीवर मुळात फूलडोळेच थोडे असतात. जे नाहीत ते फुटणार कुठून?

डोळे आहेत की नाहीत ते आधी बघा. पीचच्या काडीवर एका पेऱ्यावर बऱ्याचदा तीन डोळे शेजारी बसलेले असतात. दोन्ही बाजूंचे गोलसर, लव असलेले ते फूलडोळे. मधला बारीक, टोकदार तो पानडोळा. दाढीच्या नव्या ब्लेडनं गोल डोळा उभा चिरा. आत फिकट हिरवं, ओलसर दिसलं तर तो जिवंत आहे. मध्यभागी तपकिरी ठिपका असेल तर तो मेलेला आहे आणि त्याच्यावर औषध मारणं म्हणजे पैसे मातीत. दोन-तीन फांद्यांवरचे मिळून वीस डोळे चिरून बघा. पाच मिनिटांचं काम आहे, पण फोन करणाऱ्यांपैकी कुणीच ते केलेलं नसतं.

दुसरी तपासणी याहून महत्त्वाची. एक पक्व काडी तोडा आणि तिचे एकेका पेऱ्याचे तुकडे करा. प्रत्येक तुकड्यावर एकच पेरं ठेवा, पान असेल तर काढून टाका. थर्माकोलच्या तुकड्याला भोकं पाडून त्यात हे तुकडे खोवा आणि पाण्याच्या ताटलीत तरंगत ठेवा. घरात उजेडाची जागा बघा, पाणी दोन दिवसांनी बदला. दोन आठवड्यांत निम्म्याहून जास्त तुकड्यांवरचा पानडोळा हिरवा दिसू लागला, तर डोळ्यात स्वतःची झोप नाही. त्याला झाडाची पानं आणि शेंडा दाबून ठेवतायत. पण तीन आठवडे झाले तरी तुकडे तसेच मख्ख बसले, तर झोप डोळ्याच्या आत शिरलीय. वरून दिसायला दोन्ही झाडं सारखीच असतात, पण पहिल्याला उठवता येतं. दुसऱ्याला उठवायला थंडीच लागते, आणि ती आपल्याकडं नाही.

थंडी किती लागते, आपल्याकडं किती पडते

पीचसाठी थंडीचा हिशेब तासांत करतात. ७.२ अंश सेल्सिअसच्या खाली पारा किती तास राहिला, ते मोजायचं. डोंगराळ थंड भागातल्या जुन्या जातींना ८०० ते १००० तास लागतात. पंजाब आणि तराईच्या मैदानी भागात चालणाऱ्या शान-ए-पंजाब, अर्ली ग्रँडसारख्या जातींचं २०० ते ३०० तासांत भागतं. फ्लोरिडा विद्यापीठात तयार झालेली फ्लोर्डा प्रिन्स साधारण १५० तासांवर येते. आता आपलं बघा. सोलापुरात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा सर्वसाधारणपणे १५-१६ च्या आसपास असतो. लाट आली तर दहा-अकरापर्यंत उतरतो, चार दिवस शेकोट्या पेटतात आणि परत वर चढतो. दुपारी तीसला टेकलेलाच असतो. म्हणजे ७.२ च्या खालचे तास मोजायला बसलं तर वहीचं पान कोरं राहतं.

आणखी एक बाब लोक धरत नाहीत. थंडी मोजण्याच्या ज्या सुधारित पद्धती आहेत, त्यांत अडीच ते नऊ अंशांच्या तासाला पूर्ण गुण मिळतो, बारापर्यंत अर्धा, आणि पारा सोळाच्या वर गेला की उलट गुण वजा होतात. रात्री जमवलेलं दुपार खाऊन टाकते. म्हणून "यंदा थंडी बरी पडली, यंदा फुटेल" हा अंदाज माझ्याकडं तरी कधी खरा ठरला नाही.

नर्सरीवाल्यानं "थंडी लागत नाही" म्हणून कलम दिलं असेल. त्याचा अर्थ त्यातल्या त्यात कमी लागते, एवढाच घ्या.

द्राक्षाची सवय पीचला का लागू पडत नाही

आपण ऑक्टोबरात फळछाटणी करतो, एक-दोन दिवसांत काडीच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाईडचं पेस्टिंग करतो, म्हणजे लेप लावतो, आणि बाग एकसारखी फुटते. हे इतक्या वर्षांपासून हातात बसलंय की औषधच डोळा फोडतं असं वाटायला लागतं. पण द्राक्षवेल आपल्याकडं गाढ झोपतच नाही. एप्रिलची खरडछाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, वेल वर्षभर पानांत असते. आपण तिला छाटून जागं ठेवतो. औषध फक्त सगळ्या डोळ्यांना एका वेळी पुढं ढकलतं.

औषध आत काय करतं? डोळ्यातल्या कॅटालेज नावाच्या विकराला ते अडवतं. त्यामुळं हायड्रोजन पेरॉक्साइड साचतं, डोळ्याला धक्का बसतो, श्वसनाची घडी बदलते आणि वाढ सुरू होते. थायोयुरिया या दुसऱ्या औषधाचंही काम साधारण याच वाटेनं चालतं. हा धक्का अर्धवट जाग्या डोळ्याला उठवतो. जिथं पीच व्यापारी तत्त्वावर होतं तिथंही ही फवारणी बरीचशी थंडी मिळून गेल्यावर करतात, उरलेली थोडी तूट भरून काढायला. सगळीच्या सगळी थंडी बाटलीतून देता येत नाही. गाढ झोपलेल्या डोळ्याला जास्त प्रमाणात दिलं तर तो उठत नाही, जळतो.

हे मी माझ्या झाडांवर पाहिलंय. पहिल्या वेळी जानेवारीच्या मध्यावर, द्राक्षाचं उरलेलं द्रावण, लीटरला ४० मिलीचं, तसंच पीचवर मारलं. त्या वेळी शेंड्याकडचे थोडे डोळे फुगायला लागले होते, बाकीचे मख्ख होते. आठवड्यानं गेलो तर फुगलेले होते तेच नेमके काळे पडलेले. बोटात धरले की भुकटी. मख्ख होते ते मख्खच राहिले. जी पंधरा-वीस फुलं आली असती तीही मी जाळली. पीचचा फूलडोळा फुगायला लागला की या औषधाला फार नाजूक असतो, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी एका दुकानात सल्ला मिळाला की डाळिंबासारखी पानगळ करा, इथ्रेल मारा. डाळिंबात आपण हेच वापरतो (इथ्रेलमधला घटक म्हणजे इथेफॉन), पाणी तोडून ताणावर ठेवलेल्या झाडाची पानं गळतात, बहार छान निघतो. पीचची पानंही गळाली. पण दहा दिवसांत खोडावर, फांद्यांच्या बेचक्यांत मधाच्या रंगाचे डिंकाचे थेंब आले. सकाळच्या उन्हात ते चमकत होते आणि माझी आई म्हणाली, "झाड रडतंय रे हे." इथेफॉननं पीच, प्लम, जर्दाळूसारख्या झाडांना डिंक सुटतो. शिवाय शरदात मारलेलं इथेफॉन पीचचा फुलोरा पुढं ढकलतं. कडाक्याच्या थंडीच्या देशात त्याचा उपयोग आहे, आपल्याला तो तोटाच. दोन फांद्या त्या वर्षी वाळून गेल्या.

मग उपाय कशात सापडला

पीच झोपल्यावर उठवायला जायचं नाही. झोपण्याआधीच धरायचं.

उष्ण कटिबंधात हे जुनं तंत्र आहे. इंडोनेशियात पूर्व जावामध्ये बाटू नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथं सफरचंदाला पुरेशी थंडी मिळत नाही. शेतकरी काढणीनंतर झाडाची पानं हातानं ओरबाडून काढतात, फांद्या वाकवतात, आणि झाड न झोपता परत फुलतं. वर्षाला दोन पिकं घेतात. हे वाचल्यावर मला आपल्या फळछाटणीचीच आठवण झाली. द्राक्षाला आपण करतो तेच, फक्त पीचला ते वेळेवर करायला पाहिजे.

वेळ म्हणजे ऑक्टोबरचा मध्य. त्या सुमारास परतीचा पाऊस सरत आलेला असतो, पावसाळ्यात वाढलेली काडी पक्व होऊन तांबूस झालेली असते, फूलडोळे आत तयार असतात आणि डोळ्याची स्वतःची झोप अजून खोल गेलेली नसते. वर सांगितलेली ताटलीतली तपासणी मी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लावतो. तुकडे फुटले की तारीख पक्की करतो. याच्या फार आधी करू नका. ऑक्टोबर हीटमध्ये फूल उघडलं तर उष्णतेनं परागीभवन बिघडतं आणि फळ धरत नाही. मध्याला पानं काढली तर फूल नोव्हेंबरात येतं. तेव्हाही दुपार गरमच असते, पण निभावतं.

तयारी आधीपासून लागते. ऑगस्टनंतर नत्र बंद. कोवळी फूट चालू असलेलं झाड या खेळाला तयारच नसतं. पाऊस उघडला की ठिबक बंद करून पंधरा-वीस दिवसांचा ताण. हलक्या मुरमाड रानात ताण लवकर बसतो, काळ्या रानात बसता बसत नाही. माझी तीन झाडं खालच्या काळवट पट्ट्यात आहेत आणि तीच दरवर्षी मागं राहतात. पीच लावायचंच असेल तर मुरमाची जागा निवडा, हे कलम आणण्याआधी सांगायला हवं होतं, पण लोक कलम लावून झाल्यावर विचारतात.

पानं काढताना ती हातानं ओढू नका. डोळा पानाच्या देठाच्या बगलेत बसलेला असतो. घाईत ओढलं की देठाबरोबर सालीची चिंधी निघते आणि डोळाही जातो. द्राक्षाच्या विरळणीची छोटी कात्री घ्या, देठ अर्धा इंच ठेवून पान कापा. उरलेला देठ आठवड्याभरात आपोआप गळून पडतो आणि डोळा मोकळा होतो. एका मध्यम झाडाला दोन माणसांना अर्धा दिवस जातो. आमच्याकडं घरच्या बायका हे काम माझ्यापेक्षा सफाईनं करतात, विरळणीची सवय आहे. काही ठिकाणी युरिया आणि झिंक सल्फेटच्या कडक फवारणीनं पानं जाळतात. मोठी बाग असेल तर त्याचा विचार होईल. आठ-दहा झाडांसाठी कात्रीच बरी, डोळ्याला धोका नाही. एकही पान ठेवू नका. शेंड्याचा झुबका राहिला तर तो खालच्या डोळ्यांना परत दाबतो.

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी हलकी छाटणी. वाळकं, आत शिरलेलं, सावलीतलं काढा, झाडाचं पोट मोकळं करा. एक वर्षाच्या काड्यांचा फक्त शेंड्याकडचा तिसरा हिस्सा कापा. द्राक्षासारखं मागं आणू नका, फूल याच काड्यांवर आहे. सरळ उभ्या वाढलेल्या फांद्या सुतळीनं बांधून तिरप्या करा. उभ्या फांदीचा फक्त शेंडा फुटतो, तिरप्या फांदीचे मधले डोळेही बोलायला लागतात. हे वाकवण्याचं काम लोकांना किरकोळ वाटतं. माझ्या झाडांवर फवारणीपेक्षा त्याचा फरक जास्त दिसला.

आता फवारणी. छाटणीनंतर दोन दिवसांच्या आत, डोळे घट्ट मिटलेले असताना, संध्याकाळी ऊन उतरल्यावर. माझी पहिली पसंती थायोयुरियाला, १ टक्का, म्हणजे लीटरला १० ग्रॅम. कोमट पाण्यात आधी विरघळवून घ्या, नाहीतर खडे नोझलमध्ये अडकतात. झाड असं भिजवा की प्रत्येक डोळ्याच्या खालूनही थेंब ठिबकला पाहिजे. कोरडा राहिलेला डोळा मागं राहतो. कुणी पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे आपलं १३:००:४५, वापरतात. ते सौम्य आहे, जाळत नाही, पण धक्काही हलकाच देतं.

हायड्रोजन सायनामाईड वापरायचंच असेल तर द्राक्षाचं प्रमाण विसरा. पीचसाठी सक्रिय घटक १ टक्क्याच्या वर जाऊ नये. आपल्याकडची बाटली साधारण ५० टक्के तीव्रतेची असते, म्हणजे लीटरला २० मिली ही कमाल झाली. मी १० मिलीच्या वर जात नाही. बाटलीच्या लेबलवर कुठलं पीक लिहिलंय तेही वाचा. माझ्याकडच्या बाटलीवर द्राक्ष होतं, पीच नव्हतं. म्हणून मोहोळच्या किंवा खेडच्या कृषी विज्ञान केंद्रात एकदा विचारून, आधी एकाच फांदीवर करून बघा.

फवारणी झाली की रात्रीच ठिबक चालू. ताण तुटला पाहिजे. पाणी दोन दिवस लांबलं तर डोळा फुगून परत थांबतो.

एक फांदी सुतळी बांधून कोरी ठेवा

पानं काढून छाटलेल्या झाडावर एका फांदीला तांबडी सुतळी बांधून मी ती न फवारता ठेवली. दुसऱ्या एका झाडाची एक फांदी पानांसकट ठेवून तिच्यावर फवारलं. निकाल डोळ्यांनी बघण्यासारखा होता. पानं काढलेली, न फवारलेली फांदीही फुटली, आठ-दहा दिवस उशिरा आणि थोडी पुढं-मागं. पानांसकट फवारलेली फांदी काही केल्या फुटली नाही. त्यानंतर दोन हंगाम हेच करून पाहिलं, तसंच घडलं. म्हणून फोनवर कुणी "काय मारू" विचारलं की मी आधी विचारतो, "झाडावर पानं आहेत का?" औषध फूट एकसारखी करतं. फूट सुरू होते ती वेळेवरच्या पानगळीनं आणि छाटणीनं.

नोव्हेंबरच्या मध्याला फुलं आली तर फ्लोर्डा प्रिन्ससारख्या लवकर तयार होणाऱ्या जातीला तिथून साधारण ७५ ते ९० दिवस लागतात. म्हणजे फळ फेब्रुवारीत हातात, उन्हाळा तापण्याआधी. पीच बहुतेक स्वपरागीत असतं, जोडीला दुसरी जात नसली तरी चालते. फळं वाटाण्याएवढी झाली की वीतभर अंतरावर एक ठेवून बाकीची काढा. इतक्या वर्षांनी धरलेलं फळ तोडायला जीव होत नाही, मलाही झाला नव्हता. त्या वर्षी सगळी फळं लिंबाएवढी राहिली.

हे औषध हातात घेण्याआधी

हायड्रोजन सायनामाईडबद्दल हे वाचल्याशिवाय पंप भरू नका. कातडी आणि डोळ्यांना ते भाजतं. रबरी हातमोजे, चष्मा, अंगभर कपडे पाहिजेत. द्राक्षात उघड्या हातानं पेस्टिंग करणारी माणसं मी लहानपणापासून बघतोय. बोटांची साल निघालेली, तरी तसंच काम चालू.

दारूचा भाग याहूनही गंभीर आहे. हे औषध शरीरात दारू पचवणारी वाट अडवतं. फवारणी केलेल्या माणसानं नंतर थोडी जरी घेतली तरी तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, श्वास लागतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. आमच्याकडं कामाला असलेल्या एका भावाला एका संध्याकाळी असंच झालं. दवाखान्यात नेताना त्याची बायको जीपमध्ये त्याचा हात धरून बसली होती आणि काय झालंय ते आमच्यातल्या कुणालाच सांगता येत नव्हतं. डॉक्टरांना फवारणीचं औषध सांगितल्यावर त्यांच्या लक्षात आलं. तो बरा झाला. तेव्हापासून फवारणीच्या आदल्या दिवसापासून पुढचे सात दिवस घ्यायची नाही, हे मी प्रत्येकाला समोर बसवून सांगतो, त्याच्या घरच्यांनाही सांगतो. लाजून गप्प राहायचा विषय नाही हा. कुणाला त्रास झालाच तर बाटली सोबत घेऊन दवाखान्यात जा. युरोपीय संघानं २००८ मध्ये या औषधाला मान्यता नाकारली, ती काम करणाऱ्यांच्या जिवाच्या काळजीपोटीच. ज्याचं पाच-दहाच झाडांवर काम आहे त्यानं थायोयुरियावर भागवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकीच्या बाटल्यांबद्दल थोडक्यात. द्राक्षाचं जीए, म्हणजे जिबरेलिक ॲसिड, घरात असतंच, म्हणून लोक तेही मारतात. त्यानं काही पानडोळे हलतात हे खरं, पण वाढीच्या काळात मारलेलं जिबरेलिक ॲसिड पीचमध्ये पुढच्या वर्षीचे फूलडोळे कमी करतं. आज दोन पानं मिळवून उद्याचं फळ घालवू नका. आंब्याचं कल्टार, म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल, माजलेल्या झाडाची वाढ आवरतं आणि फूलडोळे वाढवतं, पण झोपलेला डोळा उठवत नाही. शिवाय ते जमिनीत फार दिवस राहतं. आणि "झटपट फूट" म्हणून ज्या बिनघटकाच्या बाटल्या मिळतात, ज्यांवर आत काय आहे तेच लिहिलेलं नसतं, त्यांच्यावर एक रुपयाही घालू नका.

एकरभर पीच लावू का, असाही प्रश्न येतो. माझं उत्तर नाही असं आहे. इतकं करूनही माझ्या आठांपैकी पाचच झाडं भरवशाची आहेत. पण त्या पाचांतलं एक झाड असं आहे की ते औषधाविना, नुसत्या पानगळीवर, बाकीच्यांच्या आधी आणि एकसारखं फुटतं. त्याच्याच काड्या मी आता डोळे भरायला, म्हणजे नवी कलमं करायला, वापरतो. आमच्याच भागात नान्नजला नानासाहेब काळे यांनी थॉमसन द्राक्षाच्या बागेतली एक वेगळी काडी हेरली आणि सोनाका ही द्राक्षाची जात उभी राहिली. ती नजर पीचवर ठेवायला काय हरकत आहे? सोलापूरच्या हवेत कुठलं झाड मनापासून फुटतं हे सोलापूरच्या झाडावरच कळणार.

आत्ता जानेवारी आहे आणि तुमचं झाड अडलेलं आहे, त्याचं काय? यंदा औषध मारू नका. जुनी पानं लटकलेली असतील तर देठ ठेवून कापा, उभ्या फांद्या तिरप्या बांधा, पाणी नियमित ठेवा. जेवढं फुटेल तेवढं फुटू द्या. जी फळं येतील ती खा. मार्चअखेर किंवा एप्रिलात, खरडछाटणीच्या सुमारास, बोडक्या लांब काड्या मागं छाटा, म्हणजे पावसाळ्यात खोडाजवळून नवी काडी येईल. त्या नव्या काड्यांतल्या गर्दीतल्या जुलैत काढून टाका, उरलेल्यांना ऊन लागू द्या. पानं पिवळी असतील तर पावसाआधीच लोहाचं बघा आणि झाडाभोवती पाणी साचणारा खड्डा बुजवून उंचवटा करून घ्या. ऑगस्टात नत्र थांबवा. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात थर्माकोलचा तुकडा आणि ताटली काढा, आणि तुकडे फुटले की मग फोन करा. प्रमाण तेव्हा सांगतो.